रॅमची पत्रिका जुळते का?

ब्राउझरमध्ये वीस टॅब, बाजूला व्हिडिओ मीटिंग आणि वर एक्सेलची जाडजूड शीट. अशा वेळी आठ जीबीचा लॅपटॉप कसा धापा टाकतो, ते तुम्हाला सांगायला नको. मग कुणीतरी म्हणतं, ‘रॅम वाढव ना यार!’ आणि घोळ सुरू होतो. आतली स्टिक एका कंपनीची, दुकानात मिळतेय दुसऱ्याच कंपनीची. चालेल?

परवा ऑफिसातल्या मित्राला लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने ऐकवलं, ‘साहेब, मिक्स नका करू. जुनी काढा, दोन्ही नव्या घ्या.’ सल्ला चुकीचा नाही, पण महाग आहे. 2025च्या अखेरीस एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे मेमरीचे भाव असे काही भडकले, की धडधाकट स्टिक काढून ठेवणं जिवावर येतं. मला विचाराल, तर सोयरीक जमवा. फक्त आधी पत्रिका बघा.

पहिला गुण पिढीचा. डीडीआर4 आणि डीडीआर5 यांचं लग्न लागतच नाही. लॅपटॉपच्या डीडीआर4 स्टिकला 260 पिना, डीडीआर5ला 262. खाचही वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटेल.

दुसरा गुण वेगाचा. 3200च्या शेजारी 2666ची स्टिक लावली, की साधारणपणे दोघी 2666नेच चालतात. ऑफिसच्या कामात हा फरक सहसा जाणवतही नाही.

तिसरा साइजचा. आठला सोळा जोडले की चोवीस जीबी. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप्समध्ये आठ अधिक आठ जोडीने पळतात आणि उरलेले आठ एकटे चालतात. तरीही रॅम कमी पडून मशीन अडकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. गेमिंग करत असाल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर मात्र सारख्या साइजची जोडीच घ्या.

आणि कंपनी? बाकीचे गुण जुळले तर बहुतेक वेळा काही अडत नाही. काही लॅपटॉप्समध्ये तर आठ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि वर एकच स्लॉट मोकळा असतो. तिथे मिक्सिंगला पर्यायच नाही! अनेक स्लिम मॉडेल्सना तर स्लॉटच नसतो. म्हणून खरेदीआधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. वेग आणि किती स्लॉट भरलेत, ते तिथे दिसतं. जास्तीत जास्त किती रॅम चालेल, ते कंपनीच्या साइटवर बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉप सुरू झाला म्हणजे जमलं, असं नाही. न जुळणारी किंवा सदोष रॅम गुपचूप आकडे बिघडवते आणि तुम्ही तीच बिघडलेली फाइल निवांत सेव्ह करता. क्लायंटचं प्रेझेंटेशन ऐनवेळी उघडलं नाही, तर बॉसला काय सांगाल? त्यामुळे महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86 चालवा आणि रात्रभर राहू द्या. एक जरी एरर आली, तरी स्टिक परत करा. बदलून मिळेल का, हे बिल करतानाच विचारून ठेवा.

लग्नाआधी एवढी कडक परीक्षा घ्यायची सोय माणसांना कुठे असते? रॅमच्या बाबतीत आहे, तर घ्या की!