कसेल त्याची जमीन, हिशेब कोणाचा?

बैठकीत कम्युनिस्टांचा विषय निघाला की हशा पिकतो. ‘ते संपले’ असे कोणीतरी म्हणतो आणि चर्चा तिथेच आटोपते. आज आम्ही ती तिथे आटोपणार नाही. पोर्तुगालचा कम्युनिस्ट पक्ष मे २०२५ च्या निवडणुकीत संसदेच्या २३० जागांपैकी ३ जागांवर आला. एवढ्याशा पक्षाची गोष्ट शेतकऱ्यांच्या पत्रकात कशासाठी? कारण ती जमीन, मजुरी आणि कर्जाची गोष्ट आहे.

पोर्तुगालची हुकूमशाही आपल्या लोकांना गोव्यामुळे ठाऊक आहे. गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना १९४६ नंतर पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले होते. त्याच पेनिशमधून कम्युनिस्ट पुढारी आल्वारो कुन्याल जानेवारी १९६० मध्ये साथीदारांसह निसटले. १९२१ साली स्थापन झालेला हा पक्ष जवळजवळ अर्धे शतक भूमिगत होता. तुरुंग, छळ, परागंदा होणे, सारे त्याने भोगले. मतभेद असले तरी हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

या पक्षाचे मूळ रुजले ते दक्षिणेतल्या अलेंतेजो प्रांतात. गव्हाची रुंद शेते, बुचाची झाडे, हजारो एकरांचे जमीनदार आणि हातावर पोट असलेले मजूर. पहाटे गावच्या चौकात उभे राहायचे, मुकादम बोट दाखवील त्याला काम. काम दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, तेही वर्षातले काही महिने. १९ मे १९५४ रोजी बेजा जिल्ह्यातल्या बालेझांव गावात कापणीच्या मजुरीत वाढ मागणाऱ्या बायांसमोर राष्ट्रीय गार्डचा अधिकारी उभा राहिला. त्याच्या गोळ्यांनी कातारीना एउफेमिया ही तीन लेकरांची आई जागीच पडली. १९६२ मध्ये याच मजुरांनी संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. हुकूमशाहीत, संपाला बंदी असताना! त्यांच्या पाठीशी हा पक्ष होता, आणि इतर कोणी फारसे नव्हते.

एप्रिल १९७४ मध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी राजवट उलथली. पुढच्या वर्षी मजुरांनी जमिनींचा ताबा घेतला आणि कायदा मागून आला. दहा लाख हेक्टरांहून अधिक, म्हणजे २५ लाख एकरांवर जमीन सुमारे ५०० सामुदायिक उत्पादन केंद्रांकडे गेली. पडीक राने नांगरली गेली, मजुराला वर्षभराचे काम मिळाले. घोषणा आपल्या ओळखीचीच होती: कसेल त्याची जमीन.

मग बिघडले कुठे?

पहिले बिघडले ते छोट्या शेतकऱ्याच्या दारात. उत्तरेत चित्र निराळे होते. तिथे चार तुकड्यांचा धनी, थोडा मका, थोडी द्राक्षे, गोठ्यात एकदोन गाई. तो स्वतःच कसत होता. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणून त्याला नवे काय मिळणार? उलट दक्षिणेतले ताबे पाहून त्याच्या पोटात गोळा आला: आज त्यांची, उद्या माझी. चर्चने आणि पक्षाच्या विरोधकांनी ही भीती फुंकर घालून पेटवली हे खरे. पण लाकडे वाळलेली होती म्हणूनच ती पेटली. जुलै १९७५ मध्ये रिऊ मायोर गावात शेतकऱ्यांनी पक्षाचे कार्यालय फोडले. नोव्हेंबरमध्ये तिथेच रस्ते अडवले. त्या शेतकऱ्याच्या दुधाला, दारूच्या द्राक्षाला काय भाव मिळतो, हा प्रश्न घेऊन पक्ष आधी त्याच्याकडे गेला असता, तर तो एवढा बिथरला नसता असे आमचे मत आहे. शेतकऱ्यांची वेगळी संघटना पक्षाच्या लोकांनी पुढे उभी केली, पण ती १९७८ मध्ये. तोवर मने फाटली होती.

दुसरे बिघडले ते हिशेबात. सामुदायिक केंद्रांची मजुरी भागे ती सरकारने दिलेल्या तातडीच्या कर्जातून, आणि बँकाही सरकारी झालेल्या. म्हणजे जमिनीवर मजूर आणि गल्ल्यावर सरकार! सरकार आपले आहे तोवर ठीक. ते बदलले तेव्हा १९७७ चा कायदा आला. ‘राखीव’ म्हणून जमिनी जुन्या मालकांकडे परत जाऊ लागल्या, कर्जाचा हात आखडला. विरोध करणाऱ्यांवर राष्ट्रीय गार्ड धावून आला. सप्टेंबर १९७९ मध्ये मोंतेमोर तालुक्यात दोन मजूर गोळीबारात मेले. १९८९ मध्ये घटनेतूनही भूमिसुधार पुसला गेला. ज्याच्या हाती कर्जाची दोरी, त्याच्याच हाती नांगर, हे तिथल्या मजुराला फार महागात समजले.

१९७९ मध्ये पक्षाच्या आघाडीला जवळपास १९ टक्के मते आणि २५० पैकी ४७ जागा होत्या. पुढे ओहोटी लागली. २०२४ मध्ये बेजा जिल्ह्यातली जागाही गेली. २०२५ मध्ये, जिथे कातारीना पडली त्याच जिल्ह्यात, पहिला नंबर आला तो शेगा या कडव्या उजव्या पक्षाचा.

आणि ती जमीन? २००२ पासून आल्केव्हा धरणात पाणी साठू लागले. जिथे गहू डुलत होता तिथे आता कंपन्यांच्या ऑलिव्ह आणि बदामाच्या बागा आहेत. राबणाऱ्यांत नेपाळ, बांगलादेश आणि आपल्या भारतातून गेलेली पोरे आहेत. एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात, मुकादम सांगेल तिथे जातात. त्यांना तिथल्या संसदेसाठी मत नाही. चौकात उभा राहणारा मजूर गेलेला नाही, फक्त त्याचा मुलूख बदलला.

कम्युनिस्टांना शेतकरी दिसला नाही, असे आपण नेहमी म्हणतो. पोर्तुगालपुरते ते बऱ्याच अंशी खरे ठरले. पण आपल्याला मजूर दिसतो का? आपण भावाचा हिशेब मांडतो तेव्हा त्यात मजुरीचा आकडा असतो. तो आकडा ज्याच्या घामाचा, तो मात्र बैठकीच्या सतरंजीवर नसतो. त्यांनी अर्धे गाव पाहिले म्हणून ते हरले. आपणही अर्धेच गाव पाहत असू, तर त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तालुक्याच्या पुढच्या बैठकीत या प्रश्नासाठी अर्धा तास ठेवावा, आणि ज्यांच्या रानात मजूर राबतात त्यांनी येताना एकाला तरी सोबत घेऊन यावे, अशी आमची सूचना आहे. त्याला आधी बोलू द्यावे. आपण नंतर बोलू.