बोटांचा भाव

करवतीखाली एका माणसाच्या दोन बोटांची टोकं उडाली. विमा नाही. इस्पितळानं भाव सांगितला : मधलं बोट ६० हजार डॉलर, अनामिका १२ हजार. गड्यानं अनामिका घेतली, मधलं गेलं कचऱ्यात. मायकेल मूरच्या २००७ सालच्या 'सिको'ची ही सुरुवात. लोक हसतात. मीही हसलो. मग स्वतःच्या बोटांकडं बघत बसलो.

पण मूर लगेच सांगून टाकतो, हा सिनेमा विमा नसलेल्यांवर नाही, असलेल्यांवर आहे. वर्षानुवर्षं हप्ते भरले आणि दुखणं आल्यावर कंपनीनं कागदात खोट काढून ज्यांना वाऱ्यावर सोडलं, त्यांच्यावर. ठीक आहे. मध्यमवर्गाला जागं करायचं तर त्याचीच जखम दाखवावी लागते. पण ज्यानं हप्ता नावाची चीजच बघितली नाही, तो कुठाय?

तो आहे फ्रेडरिक वाइजमनच्या १९७० च्या 'हॉस्पिटल'मध्ये. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधलं मेट्रोपोलिटन इस्पितळ. काळा-पांढरा पडदा, निवेदन नाही, रडवायला व्हायोलिन नाही. एक मानसोपचाराचा डॉक्टर एका काळ्या पोराला सरकारी मदत मिळावी म्हणून वेल्फेअरच्या बाईला फोन लावतो. समजावतो, पुन्हा समजावतो. बाई फोन आपटते. बस्स. डॉक्टरचा फोन आपटतात, तर त्या पोराचा कोण घेणार? वाइजमन बोलत नाही, पण तुम्हाला उठूही देत नाही.

हॉलिवूडला हे परवडत नाही. त्याला हिरो लागतो. 'जॉन क्यू' (२००२) मधला डेन्झेल वॉशिंग्टन कारखान्यातला कामगार. पोराला दुसरं हृदय पाहिजे, पण कामाचे तास कापले तसा विमाही कापलेला. तो बंदूक घेऊन इमर्जन्सी वॉर्डच ताब्यात घेतो. शेवटी पोराला हृदय मिळतं, बाप तुरुंगात जातो, आणि विमा कंपनी जागच्या जागी! त्याच्या बंदुकीत गोळी नसते हे आपल्याला नंतर कळतं. च्यायला, सिनेमाच्याही नव्हती.

इस्पितळ खरोखर ताब्यात घेतलं ते यंग लॉर्ड्सनी. १४ जुलै १९७०, साउथ ब्रॉन्क्स, लिंकन हॉस्पिटल. इमारत मोडकळीला आलेली, आजूबाजूचे लोक तिला खाटीकखाना म्हणायचे. प्वेर्तो रिकोच्या पोरापोरींनी पहाटे आत घुसून बारा तास ती धरून ठेवली. मागणी काय? माणसासारखे उपचार, रोग्याच्या हक्कांची सनद. नवी इमारत उभी राहिली १९७६ ला. २०२१ चा 'टेकओव्हर' हा छोटा माहितीपट ह्याच दिवसाचा. इथं एकटा बाप नाही, अख्खी वस्ती आहे.

आणि कायद्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी 'पॉवर टू हील' (२०१८) बघावा. वंशभेदाविरुद्धचा कायदा झाला १९६४ ला. दक्षिणेतली इस्पितळं काळ्यांना वेगळ्या वॉर्डात टाकतच राहिली, नाहीतर दारातूनच परत पाठवत राहिली. १९६६ ला मेडिकेअर आलं आणि सरकार म्हणालं, भेद पाळाल तर पैसा नाही. काही महिन्यांत हजाराच्या आसपास इस्पितळांची दारं उघडली. मन बदललं नाही हो, गल्ला अडला!

त्याच काळात ब्लॅक पँथर स्वतःचे फुकट दवाखाने चालवत होते, वस्तीत सिकल सेलची तपासणी करत होते. सरकार त्या रोगाकडं बघत नव्हतं, कारण तो काळ्यांचा. १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी त्यांचं नाव उचललं. दोस्तहो, त्यांच्या बंदुकीचे फोटो आपण भिंतीवर लावले. दवाखान्याचा एक तरी लावला का? हाच सिकल सेल विदर्भात आपल्या वस्त्यांत आहे, आदिवासी पाड्यांवर आहे. तिथं कॅमेरा घेऊन कोण जातंय?