करार सगळ्यांचा, वर्गणी मोजक्यांची

18 एप्रिल 2016 रोजी बेंगळुरूच्या बोम्मनहळ्ळीतल्या कपडा कारखान्यांतल्या बाया शिलाई मशीन सोडून होसूर रोडवर उतरल्या. पीएफमधला मालकाचा हिस्सा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्राने फेब्रुवारीत काढला होता. नोकरी सुटली की हाताशी उरते ती हीच रक्कम. दुसऱ्या दिवशी आंदोलन शहरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरलं, लाठीमार झाला, धरपकड झाली. त्याच दिवशी दिल्लीने नियम मागे घेतला.

फायदा देशभरातल्या पीएफ खातेदारांना झाला. त्याच रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला जाणाऱ्या आपल्या पुण्या-कोल्हापूरच्या मुलांनाही. मजुरी बुडाली ती बायांची.

यातल्या बहुतेक जणी कुठल्याच युनियनच्या सभासद नव्हत्या. म्हणून युनियनच्या वर्गणीची पावती न फाडणाऱ्या प्रत्येकाला फुकट्या म्हणायला मी तयार नाही. सुपरवायझरला कळलं तर काम जाईल, ही भीती खरी असते. माझा राग आहे तो नोकरी पक्की असूनही वर्गणी न देणाऱ्यांवर. गेट मीटिंगला हे फिरकत नाहीत आणि वेतन करार झाला की थकबाकी कधी मिळणार, हे विचारायला सर्वांत पुढे असतात.

कायद्याने त्यांची सोय केली आहे. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराला लागू होतो, सभासद असो वा नसो, हे तत्त्व 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने घालून दिलं. ते योग्यच आहे; नाहीतर मालक बिगरसभासदांना कमी पगारात राबवून युनियनच मोडून काढेल. पण लाभ सगळ्यांचा असेल तर खर्चही सगळ्यांनी उचलावा.

मुंबईच्या बामर लॉरी कंपनीत हे घडलं. प्रत्येकाच्या थकबाकीतून 15 टक्के युनियनच्या निधीसाठी कापायचे, असं कलम मान्यताप्राप्त युनियनने करारात घातलं. दुसरी युनियन कोर्टात गेली. डिसेंबर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. 15 टक्के मला जास्त वाटतात, पण मार्ग बरोबर होता.

बेंगळुरूच्या आयटी क्षेत्रात मात्र असा करारच नाही, मग कापायचं कशातून? तिथे 2017 मध्ये नोंदलेली ‘किटू’ ही कर्मचाऱ्यांची युनियन आहे. 2024 च्या जुलैत दिवसाला चौदा तासांपर्यंत काम घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधाला तीच उभी राहिली. लाखो कर्मचाऱ्यांच्या या शहरात तिचे सभासद थोडे आहेत. तिथल्या मराठी मुलांनी आधी तिचं सभासदत्व घ्यावं. आणि जिथे करार होतात, तिथल्या युनियननी पुढच्या मसुद्यात सर्वांकडून माफक वर्गणीचं कलम घालावं, त्या पैशाचा तपासलेला हिशेब बिगरसभासदांनाही दाखवावा.