मधली फट

पुतण्याने आपल्या जुन्या अँबॅसडरला जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट बसवला. मी म्हणालो, "कर की आता सुरू!"

"थांबा, काका."

इंजिन हाताने फिरवून त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि दबलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत फीलर गेजची पाती सरकवून पाहिली. उचल वाढली की स्प्रिंगही जास्त दबते. तेव्हा सगळ्या फटी मिळून निदान दीड मिलिमीटर तरी उरावे लागतात. वेटोळी एकमेकांना भिडली, तर पुशरॉड वाकतो, नाहीतर कॅम झिजतो. फट कमी भरली. त्याने मुकाट्याने दुसऱ्या स्प्रिंगा मागवल्या.

आमच्या चिरंजीवांच्या अभ्यासाचे वेळापत्रक मी आदल्याच दिवशी आखले होते : पहाटे पाच ते रात्री अकरा! घरी येऊन त्यातला संध्याकाळचा एक तास मी खोडला.