साडेचारशे चौरस फुटांचा संसार

दसरा उलटला, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच बाहेर पडू लागतात. शेतातून कापूस आणि घरातून सामान. कापसाला, भाव काहीही मिळो, निदान गिऱ्हाईक तरी असते. सज्ज्यावरून उतरलेली तीन पायांची खुर्ची, बुड गेलेले घमेले, अबोल झालेला रेडिओ आणि त्याचा खोका, यांना कोण विचारणार? भिंतींवरून रंगाचा हात फिरेपर्यंत ही मंडळी जिन्यात मुक्काम करतात आणि वसुबारसेच्या आत पुन्हा आपापल्या मूळ पदावर रुजू होतात. मग गृहिणी कपाळावरचा घाम पुसत म्हणते, "घरच लहान आहे हो आपलं!"

लहान आहे, हे खरेच. दारव्हा, घाटंजी, नेर, आर्णी या बाजूंची किती तरी कुटुंबे मुलांच्या शिक्षणापायी जिल्ह्याच्या गावी आली आणि ओसरी, माजघर, परसू हे सारे मागे ठेवून दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहू लागली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने शहरातील दुर्बल घटकांसाठी घराचे जे माप धरले, ते ३० चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतली खोली तर अवघी १६० चौरस फुटांची! १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या त्या खोल्यांतून तीन-तीन पिढ्या नांदल्या. त्या मानाने आमचे साडेचारशे फूट म्हणजे चैनच. पण असल्या आकड्यांनी कोणत्याही गृहिणीचे समाधान झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. जागा मोजायची ती टेपने; ती ऐसपैस वाटते की कोंदट, हे ठरवतात डोळे.

आणि डोळ्यांना आधी हवा असतो उजेड. येथे आम्हा वैदर्भीयांचा एक खास शत्रू आहे. त्याचे नाव कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावू लागला, की त्याच्यावाचून जीव जगत नाही, हे मान्य. पण हा लोखंडी गृहस्थ हॉलच्या एकुलत्या एका मोठ्या खिडकीत जो एकदा बसतो, तो कायमचाच. उरलेल्या फटींत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जुना टॉवेल. गारवा तीन महिने, अंधार बारा महिने, आणि भर दुपारी ट्यूबलाईट! तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कूलर चाकांच्या स्टँडवर ठेवावा, म्हणजे पाऊस पडून हवा निवली की तो सहज बाजूला सारता येतो. वरच्या मजल्यावरच्यांनी माणूस बोलावून तो उतरवून घ्यावा. दिवाळीपूर्वी बाकी काही जमले नाही, तरी एवढे एक कराच. पाहुणे विचारतील, "मधली भिंत पाडली की काय?"

उजेड आत आला, की तो टिकवण्याचे काम भिंतींचे. पांढरा चुना किंवा पांढरा डिस्टेंपर अंगावर पडलेल्या उजेडापैकी शंभरातले सुमारे ऐंशी भाग परत फेकतो. गर्द हिरवी किंवा जांभळी भिंत त्यातला बहुतेक गिळून बसते. हल्ली 'एक भिंत गडद' करण्याची टूम निघाली आहे. हौस असेल तर जरूर करा, पण खिडकीसमोरची भिंत सोडून; उजेड खोलीभर पसरतो तो तिच्यामुळेच. छत मात्र पांढरेच हवे. पडद्याची दांडी चौकटीला चिकटवू नये. ती छताजवळ आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर काढून लावली, म्हणजे पडदा सारल्यावर काच पूर्ण मोकळी होते आणि खोली उंच भासते. आरसा खिडकीसमोर टांगावा असे सगळेच सांगतात, पण त्यात काय दिसणार हे आधी नेहमीच्या जागी बसून पाहावे. चपलांचा ढीग दिसत असेल, तर घरात चपलांचे दोन ढीग झाले!

दारांचाही एक हिशेब आहे. तो फारसा कोणी करीत नाही. अडीच फुटी दार उघडता-मिटताना जमिनीचा सुमारे पाच चौरस फूट भाग अडवते. अशी चार दारे म्हणजे वीस चौरस फूट. एका माणसाच्या पलंगाएवढी जागा केवळ दारांनी खाल्ली. स्वयंपाकघराचे दार दिवसातून कितीदा लावले जाते, ते आठवून पाहा. लावले जात नसेल तर ते काढूनच का ठेवू नये?

या साऱ्याचा एक उत्तम नमुना आमच्या शेजारीच, वर्धा जिल्ह्यात आहे. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले, तेव्हा त्यांची अट होती की घराला ५०० रुपयांहून अधिक खर्च येऊ नये आणि सामान आसपासचेच असावे. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाते ती झोपडी मूळची मीराबेनसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, वर कौले. आत गेलेल्याला ती लहान आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. कारण बसायला चटई आणि पुढ्यात बुटके मेज. सारा संसार गुडघ्याच्या खाली, त्यामुळे नजर कोठेही अडत नाही. शोभा हवी म्हणून मीराबेनने मातीच्या भिंतीतच ताडाची झाडे, मोर आणि चरखा उठावाने काढले. जागा एक इंचही गेली नाही!

आम्ही वाचकांना आश्रमात राहायला सांगत नाही, याची खात्री असावी. पण गादी, लोड, तक्क्ये यांची आपली जुनी बैठक नेमके हेच काम करीत होती. जपानी लोकही खोलीचे माप तातामी चटयांवरून सांगतात. साडेचार चटयांची खोली म्हणजे सुमारे नऊ फूट बाय नऊ फूट. दिवसा अंथरूण गुंडाळून भिंतीतल्या कपाटात गेले, की झोपण्याची खोलीच बसण्याची होते. आपण मात्र बैठक मोडीत काढली आणि सोफासेट आणला. तो ना गुंडाळता येतो, ना झोपायला पुरतो.

आमच्या परिचयातील एका शिक्षकाच्या घरी या सोफ्यावरून मोठेच प्रकरण झाले. वडील गेल्यावर त्यांनी आईला दिग्रसकडच्या खेड्यातून आणले. तिच्याबरोबर आली सहा फुटी सागवानी पेटी. चौघांनी ती जिन्यातून कशीबशी चढवली आणि वाट अडवून बोळात ठेवली. जो तो सांगे, पेटी विकून टाका, घर मोकळे होईल. आईचे अंथरूण पेटीशेजारी पडे, तेही टीव्ही बंद होऊन माणसे आत गेल्यावर. आठ दिवसांनी म्हातारी मुलाला म्हणाली, "बाबू, या घरात माही जागा कोनती हाय ते सांग, नाही तं मले गावी नेऊन दे."

मास्तर गप्प बसले. सूनबाई व्यवहारी. त्यांनी वहीत टिपून पाहिले, कोणती वस्तू दिवसाकाठी किती वेळ वापरात असते. सोफा तासभरही नव्हता. पाहुणे महिन्यातून दोनदा. सोफा विकला गेला. कूलर निघाल्याने रिकाम्या झालेल्या खिडकीखाली पेटी आली, पेटीत गोधड्या आणि पाहुण्यांची अंथरुणे गेली, वर गादी पडली. दिवसा ते बसण्याचे ठिकाण, रात्री आईचा पलंग. म्हातारी आता खिडकीशी बसून तांदूळ निवडते आणि फाटकातून कोण आले याची वर्दी घरभर देते. पाहुणे खाली बैठकीवर बसतात. हॉल पहिल्यापेक्षा इंचभरही वाढलेला नाही, पण दारातून शिरणारा प्रत्येक जण "ऐसपैस आहे हो!" म्हणतो.

तांब्याच्या हंड्याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. सूनबाईंचे म्हणणे, तो मोडीत द्यावा. सासूबाई विचारतात, "मंग नरकचतुर्दशीले पानी कायच्यात तापवशीन?" तूर्त हंडा न्हाणीघराच्या सज्ज्यावर आहे.