चव शेजारी ठेवल्यावरच कळते

एकच वाईन समोर असेल, तर तिच्याबद्दल फार बोलता येत नाही. ‘बरी आहे’, ‘आंबट आहे’, ‘आपल्याला नाही आवडली’, इथंच गाडी थांबते. तिच्या शेजारी दुसरी ठेवली की जीभ आपोआप तुलना करू लागते. वाईन समजून घ्यायची असेल, तर हॉटेलात किंवा सुट्टीच्या दिवशी वाइनरीतल्या गर्दीत ते साधत नाही. ते घरी साधतं. दोन-चार बाटल्या, चार-सहा माणसं आणि प्रत्येकाच्या पेल्यात जेमतेम दोन-तीन घोट, एवढ्यावर ते होतं.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. आमच्या घरचं वर्ष एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर चालायचं. खायच्या थॉम्पसन द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून विरळणी करा, घड जिबरेलिक आम्लात (जीए) बुडवा, सगळी धडपड आकारासाठी. वाईनच्या द्राक्षाचं गणित उलटं. तिथं मणी लहान हवा आणि साल जाड हवी, कारण रंग सालीत असतो, तुरटपणा साल आणि बियांमध्ये. वडिलांनी पहिल्यांदा शिराझ या वाईनच्या द्राक्षाचा मणी दाताखाली धरला आणि म्हणाले, “गोडी आहे गं, पण बाजारात याला कोण घेईल?” आज त्याच पट्ट्यात या द्राक्षावर कितीतरी घरं चालतात.

हा बदल एका दिवसात झाला नाही. नारायणगावात उद्योजक श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फसफसणारी वाईन करून दाखवली. उद्योजक राजीव सामंत यांनी १९९७च्या सुमारास नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षजाती लावल्या. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि दिंडोरी, इगतपुरी, निफाडमध्ये वाइनरी उभ्या राहिल्या. कुंदेवाडीत इटालियन जातींची वाईन होते, अकलूजकडे सांजोव्हेझे ही द्राक्षजात पिकते. एवढी विविधता आपल्या दाराशी आहे. तरी दुकानात बहुतेक जण ‘रेड द्या’ किंवा ‘व्हाइट द्या’ एवढंच म्हणतात, याचं मला वाईट वाटतं.

सुरुवात दोन पांढऱ्या वाईननं करा. एकीकडे शेनिन ब्लाँ, दुसरीकडे सोव्हिन्याँ ब्लाँ. दोन्ही सारख्याच थंड, पेलेही सारखे. शेनिन बहुधा किंचित गोडसर लागते, पिकल्या पेरूकडे झुकते. सोव्हिन्याँमध्ये हिरवेपणा असतो, ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा. हा भास नाही. ढोबळी मिरचीला तो वास देणारं द्रव्य या द्राक्षातही असतं. मग दोन लाल घ्या, शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ. घोट तोंडात घोळवा आणि हिरड्या कुठं आवळतात ते पाहा. करवंदं, जांभळं खाऊन वाढलेल्या माणसाला तुरट चवीच्या पायऱ्या वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत.

काही पथ्यं मात्र पाळा. त्या वेळी घरात फोडणी नको, उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको. तोंडात सुपारी किंवा बडीशेप नको. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नंबर टाका, म्हणजे किंमत आणि नाव जिभेवर दडपण आणणार नाहीत. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, आधी, गोड शेवटी. हलकी आधी, भारदस्त नंतर. मध्ये साधं पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. एक भांडं थुंकायला ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जाणकारही थुंकतातच. आणि प्रत्येकानं आधी आपापलं मत लिहावं, मगच बोलावं. नाहीतर पहिला बोलणारा जे म्हणतो, तेच सगळ्यांना जाणवू लागतं.

लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. तिथं खोली सोळा-अठरा अंशांवर असते, आपल्याकडे मार्चमध्येच बत्तीस. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाची चव दबते. लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फरक तुम्हालाच कळेल. दुकानदारांनाही एक सांगणं आहे. रस्त्याकडच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच शिजलेली असते. मला अशा बाटल्या मिळाल्या आहेत. शेतकऱ्याची आणि वाईन करणाऱ्याची वर्षभराची मेहनत त्या काचेत वाया जाते.

खरी गंमत जेवणाशी जोडताना येते. तिखट रस्सा आणि तुरट लाल वाईन एकत्र आली की तोंडाची आग वाढते. तिथं थंड, किंचित गोड शेनिन कामी येते. कोथिंबीर वडीला सोव्हिन्याँ शोभते. कांदा-खोबऱ्याचं सुकं मटण शिराझ पेलते, कारण मीठ आणि चरबी तुरटपणा मऊ करतात. तळलेल्या बांगड्याबरोबर मात्र लाल वाईन टाळा. तेलकट मासा आणि लाल वाईन मिळून तोंडात लोखंडासारखी चव येते. हे सगळं आपल्याच ताटावर तपासता येतं, त्यासाठी परदेशी चीज आणायची गरज नाही.

वाईन म्हणजे दारूच, हे मी विसरत नाही. तिच्यात बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतं. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. दारूनं मोडलेले संसार मी गावात पाहिले आहेत. म्हणूनच मी पिण्याबद्दल नव्हे, चाखण्याबद्दल लिहिते आहे. सहा जणांत चार वाईन, प्रत्येकाला प्रत्येकीचे ४० मिली, म्हणजे माणशी जास्तीत जास्त १६० मिली. थुंकलात तर त्याहून कमी. उरलेली वाईन लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा. हवा कमी लागली की ती दोन-तीन दिवस टिकते. जो पीत नाही त्याला आग्रह नको, आणि चाखून गाडी चालवणं तर नकोच.

सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा मोठा वाद झाला. बहुतेक चर्चा ती कुठं विकावी याभोवती फिरली. बाटलीत काय आहे, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. वाइनरींनी ३७५ मिलीच्या बाटल्या प्रत्येक जातीत आणाव्यात, म्हणजे मध्यमवर्गीय घराला चार वाईन शेजारी ठेवणं परवडेल. लेबलवर द्राक्षाची जात, काढणीचं वर्ष आणि गावाचं नाव ठळक छापावं. आणि तुम्ही पिणाऱ्यांपैकी असाल, तर पुढच्या वेळी एकाच वाईनच्या दोन बाटल्या घेऊ नका. दोन वेगळ्या घ्या, शेजारी ठेवा आणि आपली जीभ काय सांगते ते लिहून काढा.