निशाणी 5 कोणत्या पेपरात येते?

धाराशिवच्या दिवाणी कोर्टात नवा ज्युनिअर पहिल्यांदा अडखळतो तो बहुधा 'निशाणी 5'पाशी. सिनिअर सांगतात, "पाचवर म्हणणं दाखल कर," आणि पहिल्या वर्गात एलएल.बी. झालेला पोरगा फाइलीत पाचवं पान शोधू लागतो. तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जाला महाराष्ट्रातल्या कोर्टांत हेच नाव पडलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 39 त्याला पाठ असतो, पण हातातला अर्ज त्याच आदेशाखालचा आहे हे कळत नाही.

अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल नाही, असं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी तंटानिवारण आणि अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट) हे चार पेपर सक्तीचे केले. तीन वर्षांच्या पदवीला 12 आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या पदवीला 20. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून वहीत उतरवायचा. पुष्कळदा वहीवरून वही उतरते, हा भाग वेगळा.

मोठी अडचण जमिनीची. पुण्याकडच्या पुस्तकांत कुळकायदा म्हणजे 1948 चा. धाराशिव तर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे इथे आजही 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा काढावा लागतो. कळंब-परंड्याकडचा पक्षकार सातबाऱ्याबरोबर खासरा पाहणी पत्रक घेऊन येतो, आजोबा 'संरक्षित कूळ' होते म्हणतो, आणि पिशवीतून एखादा उर्दू कागदही काढतो. मूट कोर्टात घटनेच्या कलम 21 वर गाजलेलं भाषण इथे कामाला येत नाही.

खरीप 2020 च्या पीकविम्यासाठी जिल्ह्यातले शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले होते. नुकसानीची सूचना 72 तासांत दिली नाही, हा विमा कंपनीचा बचाव. 2022 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. मूटसाठी याहून चांगला विषय कुठे शोधायचा?

निकाली दाव्यांची कागदपत्रं, नावं झाकून, वर्गात आणायला फार खर्च नाही. विद्यार्थ्याने त्यावरून वाटणीचा दावा मराठीत लिहावा, चतुःसीमेसकट. पूर्वेस नाला, पश्चिमेस चुलत्याची जमीन. ही ओळ उलटी पडली, तर हुकूमनामा हातात असूनही मोजणीच्या दिवशी बांधावर भांडण नव्यानं सुरू होतं.